डिस्कस अबाउट, आस्क टु, मॅरी विथ : इंग्रजी क्रियापदांविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्रजी क्रियापदानंतर कोणतं प्रिपोझिशन घ्यायचं आणि मुळात घ्यायचं की नाही, या विषयावर इंदूरच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ हे दोन वेगळे इंग्रजी शब्द मराठीत आपण सर्रास एकाच ‘ऑफ’ने लिहितो. इथे घोटाळा होऊ नये म्हणून ते वेगवेगळे लिहिले आहेत. ‘कप ऑव्ह टी’मधला तो ‘ऑव्ह’, आणि पंख्याच्या बटणावरचा तो ‘ऑफ’.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिने निबंधात ‘वी डिस्कस्ड अबाउट द ट्रिप’ लिहिलं. बाईंनी ‘अबाउट’ कापलं. त्याच पानावर खाली ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द ट्रिप’ होतं, ते मात्र तसंच ठेवलं. तोच शब्द एकदा चूक आणि एकदा बरोबर कसा? (एक आई, सुदामा नगर)

उत्तर : बाईंनी दोन्ही ठिकाणी बरोबर तपासलं आहे. ‘डिस्कस’ हे क्रियापद आहे आणि त्याला कर्म थेट लागतं: ‘डिस्कस द ट्रिप’. ‘डिस्कशन’ हे नाम आहे. इंग्रजीत नामाला कर्म थेट जोडता येत नाही, मध्ये काहीतरी जोडणारं हवंच, म्हणून तिथे ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ येतं.

ही एकट्या ‘डिस्कस’ची गोष्ट नाही. आपल्याकडच्या इंग्रजीतल्या नेहमीच्या चुकांपैकी बऱ्याच याच एका जागी होतात. ‘ऑर्डर’ घ्या. ‘वी ऑर्डर्ड टू प्लेट्स’ असं म्हणायचं, ‘ऑर्डर्ड फॉर’ नाही. पण नाम आलं की ‘वी प्लेस्ड ॲन ऑर्डर फॉर टू प्लेट्स’. ‘रिक्वेस्ट’ही तसंच: ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’, पण ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘दे डिमांड अ रिफंड’, पण ‘देअर डिमांड फॉर अ रिफंड’. ‘शी एम्फसाइज्ड धिस पॉइंट’, पण ‘शी पुट एम्फसिस ऑन धिस पॉइंट’. ‘लॅक’, ‘व्हिजिट’, ‘अटॅक’, ‘आन्सर’, ‘इन्फ्लुअन्स’ ही क्रियापद म्हणून एकटी चालतात. नाम झाली की अनुक्रमे ‘ऑव्ह’, ‘टु’, ‘ऑन’, ‘टु’, ‘ऑन’ घेतात. ‘रिझेम्बल’चं नाम ‘रिझेम्ब्लन्स’, त्याला ‘टु’. ‘इन्व्हेस्टिगेट’चं ‘इन्व्हेस्टिगेशन’, त्याला ‘इनटू’.

आता चूक का होते ते पाहा. नामाचं रूप आपल्या कानावर सतत पडत असतं. वर्तमानपत्रात ‘डिमांड फॉर’ आणि ‘डिस्कशन ऑन’ रोज छापून येतं. तेच शेपूट आपण क्रियापदाला लावून मोकळे होतो. त्यात मराठी मदतीला धावते, कारण आपण ‘सहलीबद्दल चर्चा केली’ असंच म्हणतो. मराठीत ‘चर्चा’ हे नाम आहे आणि ‘करणे’ हे क्रियापद, त्यामुळे ‘बद्दल’ रास्त आहे. इंग्रजीत ती सगळी चर्चा एकट्या क्रियापदात मावलेली असते.

मुलीला एक तपासणी शिकवा: वाक्य उलटं करून, म्हणजे कर्मणी प्रयोगात, म्हणून पाहायचं. ‘द ट्रिप वॉज डिस्कस्ड’ हे सरळ वाटतं. ‘द ट्रिप वॉज डिस्कस्ड अबाउट’ कानाला लगेच खटकतं. आता ‘लिसन’ घ्या. ‘ही वॉज नॉट लिसन्ड’ हे अर्धवट राहतं, ‘ही वॉज नॉट लिसन्ड टु’ पूर्ण होतं. म्हणजे ‘लिसन’ला ‘टु’ चिकटलेलंच आहे, ते सोडून चालणार नाही.

एक अपवाद मात्र लक्षात असू द्या. ‘एंटर द रूम’ बरोबर आणि ‘एंटर इनटू द रूम’ चूक, पण करारात किंवा वाटाघाटीत शिरायचं असेल तर ‘एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट’ हेच बरोबर.

प्रश्न : घरात मराठी, मोहल्ल्यात आणि शाळेच्या मैदानावर हिंदी. माझा मुलगा ‘आय आस्क्ड टु हिम’ लिहितो, मुलगी ‘आय आस्क्ड फ्रॉम हिम’. दोघांना एकच बाई शिकवतात. मग चुका वेगळ्या कशा? (लोकमान्य नगर)

उत्तर : दोघांच्या मनात वाक्य वेगळ्या भाषेत तयार होतंय. मुलगा मराठीत विचार करतो: ‘मी त्याला विचारलं’. ‘ला’चं झालं ‘टु’. मुलगी हिंदीत: ‘मैंने उससे पूछा’. ‘से’चं झालं ‘फ्रॉम’. इंग्रजीला दोन्ही नको: ‘आय आस्क्ड हिम’.

इंदुरात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुण्यातल्या मुलाची चूक बहुधा एकाच दिशेने होते, इथे ती दोन्ही बाजूंनी होते. ‘भेटणे’ पाहा. ‘त्याला भेटलो’चं ‘मेट टु हिम’ होतं, ‘उससे मिला’चं ‘मेट विथ हिम’. हवं आहे ‘मेट हिम’. (अमेरिकी इंग्रजीत ठरवून बैठक घेतली असेल तर ‘मेट विथ’ चालतं. आणि ‘मेट विथ ॲन ॲक्सिडेंट’ हा वेगळाच वाक्प्रचार, तो बरोबर आहे.) ‘कुत्र्याला घाबरतो’चं ‘अफ्रेड टु’, ‘कुत्ते से डरता है’चं ‘अफ्रेड फ्रॉम’, आणि हवं असतं ‘अफ्रेड ऑव्ह’. हे विशेषण आहे खरं, पण दुखणं तेच.

जिथे मराठी आणि हिंदी एकाच बाजूला ओढतात तिथली चूक सर्वांत चिवट असते. ‘त्याच्याशी लग्न’, ‘उससे शादी’: दोन्हीकडून ‘मॅरी विथ’च येतं. बरोबर आहे ‘शी मॅरीड हिम’, आणि अवस्था सांगायची तर ‘शी इज मॅरीड टु हिम’. तसंच ‘माझ्यावर रागावला’ आणि ‘मुझ पर गुस्सा हुआ’ मिळून ‘अँग्री ऑन मी’ तयार होतं. इंग्रजीत माणसावर ‘अँग्री विथ’ किंवा ‘अँग्री ॲट’, आणि गोष्टीवर ‘अँग्री अबाउट’.

उलट दिशेची चूकही पाहून घ्या. मराठीत निर्जीव कर्माला सहसा प्रत्यय लागत नाही: ‘गाणी ऐकतो’. त्यामुळे ‘लिसन साँग्ज’ होतं आणि ‘टु’ गळतं. आणि ‘वर अवलंबून’ म्हणजे ‘डिपेंड ऑन’, हे आपोआप जुळतं. त्यावर वेळ घालवू नका. मुलांच्या वहीत जिथे मराठी-हिंदी आणि इंग्रजी जुळत नाहीत तेवढीच क्रियापदं उतरवा. यादी वाटते तेवढी लांब होत नाही.

प्रश्न : आमचं सांवेर रोडवर प्लास्टिकच्या डब्यांचं छोटं युनिट आहे. बाहेरच्या ग्राहकांना मेल मीच लिहितो. खाली एक नमुना दिला आहे. भाचा म्हणतो, ‘मामा, यात सात चुका आहेत,’ पण कोणत्या ते त्याला सांगता येत नाही.

‘वी रेफर युवर मेल ऑव्ह 4 मार्च. लास्ट वीक वी डिस्कस्ड अबाउट द रेट्स. नाउ वी रिक्वेस्ट फॉर ॲन ॲडव्हान्स ऑव्ह 30 पर्सेंट. वी विल प्रोव्हाइड यू द टेस्ट रिपोर्ट. वी अपोलोजाइज यू फॉर द डिले. प्लीज रिप्लाय अवर मेल. वी लुक फॉरवर्ड टु रिसीव्ह युवर ऑर्डर.’

उत्तर : भाच्याची मोजणी अचूक आहे. प्रत्येक वाक्यात एक.

पहिल्यात ‘रेफर टु युवर मेल’ हवं. ‘टु’ नसलं तर ‘रेफर’चा अर्थ दुसऱ्याकडे पाठवणं असा होतो, डॉक्टर पेशंटला स्पेशालिस्टकडे रेफर करतात तसा. दुसऱ्यातलं ‘अबाउट’ आणि तिसऱ्यातलं ‘फॉर’ काढा, कारण पहिल्या पत्राच्या उत्तरात आलंच आहे. चौथ्यात ‘प्रोव्हाइड यू विथ द टेस्ट रिपोर्ट’. ‘गिव्ह’ आणि ‘सेंड’ ही क्रियापदं माणूस आणि वस्तू दोन्ही एकापुढे एक घेतात. ‘प्रोव्हाइड’ला मध्ये ‘विथ’ लागतं. मेलमध्ये ‘वी विल सेंड यू द टेस्ट रिपोर्ट’ लिहिलंत तर जास्त चांगलं. पाचव्यात माफी माणसाकडे मागायची म्हणून ‘अपोलोजाइज टु यू’, कारणासाठी ‘फॉर द डिले’. बहुतेक वेळा ‘वी अपोलोजाइज फॉर द डिले’ पुरतं. सहाव्यात ‘रिप्लाय टु अवर मेल’ हवं. ‘आन्सर’ वापरलंत तर ‘टु’ नको.

सातवी चूक जरा खोल आहे. ‘टु’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं असं शाळेत शिकवतात, आणि ते अर्धंच खरं आहे. ‘वॉन्ट टु गो’मधलं ‘टु’ क्रियापदाचं आहे. ‘लुक फॉरवर्ड टु’मधलं ‘टु’ प्रिपोझिशन आहे, त्याच्यापुढे नाम किंवा ‘इंग’वालं रूपच बसतं: ‘लुक फॉरवर्ड टु रिसीव्हिंग युवर ऑर्डर’. दोन्हीतला फरक ओळखायला पुढे ‘इट’ लावून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टु इट’ चालतं, म्हणजे ‘इंग’ हवं. ‘आय वॉन्ट टु इट’ चालत नाही, म्हणजे मूळ रूप. ‘ऑब्जेक्ट टु पेइंग’, ‘कमिटेड टु डिलिव्हरिंग’, ‘रिझॉर्ट टु बॉरोइंग’ आणि सवय या अर्थाचं ‘आय ॲम यूज्ड टु वर्किंग लेट’ सगळी याच जातीची.

तुम्हाला रोज लागेल असं आणखी एक क्रियापद म्हणजे ‘पे’. बिल, भाडं, फी, हप्ता थेट: ‘पे द बिल’. माणूसही थेट: ‘पे द ड्रायव्हर’. पण ज्या वस्तूचे पैसे द्यायचे तिला ‘फॉर’: ‘पे फॉर द गुड्स’. त्यामुळे ‘द बिल हॅज बीन पेड’ आणि ‘द गुड्स हॅव बीन पेड फॉर’. दुसऱ्या वाक्यातलं शेवटचं ‘फॉर’ गळालं तर ते वाक्य इंग्रजी राहत नाही, आणि वसुलीच्या मेलमध्ये ते हमखास गळतं. ‘इन्फॉर्म’लाही ‘टु’ लावू नका: ‘इन्फॉर्म अस ऑव्ह द डेट’. आणि ‘रिव्हर्ट बॅक’ परदेशी ग्राहकाला लिहूच नका. ‘उत्तर द्या’ हा अर्थ आपल्याकडे रुळला आहे, पण बाहेर ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं असाच आधी वाचला जातो.

प्रश्न : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘अक्यूज’, ‘चार्ज’, ‘कन्व्हिक्ट’ यांची प्रिपोझिशन्स पाठ करते आणि परीक्षेत सगळी एकमेकांत मिसळतात. काही सूत्र आहे का? (विजय नगर)

उत्तर : सूत्र नाही, पण खटल्याच्या क्रमाने लावली तर मिसळत नाहीत. संशय: ‘सस्पेक्टेड ऑव्ह थेफ्ट’. अटक: ‘अरेस्टेड फॉर थेफ्ट’. आरोप: ‘अक्यूज्ड ऑव्ह थेफ्ट’. पण आरोप औपचारिकपणे ठेवला की ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. गुन्हा कबूल: ‘प्लीडेड गिल्टी टु थेफ्ट’. सुटका: ‘अक्विटेड ऑव्ह’. दोषी: ‘कन्व्हिक्टेड ऑव्ह’. शिक्षा: ‘सेन्टेन्स्ड टु टू इयर्स’. म्हणजे ‘ऑव्ह’ मुख्य, आणि वेगळे चार: ‘फॉर’, ‘विथ’, ‘प्लीड’चं ‘टु’ आणि शिक्षेचं ‘टु’. दोन्ही ‘टु’ सारखे दिसले तरी पहिल्यापुढे गुन्हा येतो, दुसऱ्यापुढे शिक्षा.

त्यापुढची पायरी अपील. उच्च न्यायालयाचं खंडपीठ तुमच्या शहरातच आहे, तेव्हा हे वाक्य तुम्हाला शेकडो वेळा लिहावं लागेल: ‘ही अपील्ड टु द हायकोर्ट अगेन्स्ट द ऑर्डर’. न्यायालयाला ‘टु’, आदेशाला ‘अगेन्स्ट’. अमेरिकी निकालपत्रांत ‘अपील्ड द ऑर्डर’ असं थेट सापडेल. ते तिथे बरोबर आहे. इथे मात्र ‘अगेन्स्ट’ ठेवा.

‘ब्लेम’ दोन्ही बाजूंनी चालतं: ‘ब्लेम्ड द ड्रायव्हर फॉर द ॲक्सिडेंट’ किंवा ‘ब्लेम्ड द ॲक्सिडेंट ऑन द ड्रायव्हर’. माणूस आधी आला की ‘फॉर’, घटना आधी आली की ‘ऑन’. चोरीतही अशीच अदलाबदल आहे. ‘दे स्टोल माय फोन फ्रॉम मी’, पण ‘दे रॉब्ड मी ऑव्ह माय फोन’. ‘स्टील’ला वस्तू लागते, ‘रॉब’ला माणूस किंवा बँक. ‘रॉब’, ‘डिप्राइव्ह’, ‘क्युअर’, ‘रिलीव्ह’, ‘स्ट्रिप’ या सगळ्यांना ‘ऑव्ह’ का, हे कळलं तर पाठ करावं लागणार नाही. ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ मुळात एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ ‘पासून दूर’. माणसाजवळून काहीतरी काढून घेतलं जातं, मग ते पैसे असोत, हक्क असोत की आजार. तो जुना अर्थ या क्रियापदांत अजून जिवंत आहे.

प्रश्न : बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. ‘लुक आफ्टर इट’ बरोबर आणि ‘लुक इट आफ्टर’ चूक, पण ‘टर्न इट ऑफ’ बरोबर आणि ‘टर्न ऑफ इट’ चूक. क्लासमध्ये सांगतात, पाठ करा. (भंवरकुआँ)

उत्तर : इथे पाठांतराची गरज नाही, कानाने काम भागतं. ‘लुक आफ्टर’मधलं ‘आफ्टर’ प्रिपोझिशन आहे, ते आपल्या नामाच्या पुढ्यातून हलत नाही. ‘टर्न ऑफ’मधलं ‘ऑफ’ क्रियाविशेषण आहे, ते मागे-पुढे सरकतं, आणि सर्वनाम असेल तर त्याला मध्येच बसावं लागतं. मोठ्याने म्हणून पाहा. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर, ‘ॲट’ पुटपुटल्यासारखं निघून जातं. ‘आफ्टर’, ‘इनटू’ यांसारख्या दोन सिलेबलच्या शब्दांवर थोडा जोर येतोच, म्हणून सरावाची सुरुवात ‘ॲट’, ‘टु’, ‘फॉर’पासून करा. ‘कॉल इट ऑफ’, ‘पुट इट ऑफ’, ‘फिल इट इन’ सरकणारी. ‘लुक फॉर इट’, ‘डील विथ इट’, ‘कोप विथ इट’ न सरकणारी.

‘कोप’ आलंच आहे तर, ‘कोप अप विथ’ असं काही नाही. ‘कॅच अप विथ’, ‘कीप अप विथ’ यांच्या नादाने ते ‘अप’ घुसलं आहे. चुका शोधायच्या प्रश्नांत हे वारंवार येतं. त्याच पंगतीतलं ‘कम्प्राइज ऑव्ह’ही परीक्षेत चूकच धरा: ‘द टीम कम्प्राइजेस फाइव्ह मेम्बर्स’, पण ‘द टीम कन्सिस्ट्स ऑव्ह फाइव्ह मेम्बर्स’.

अशा जोड्या करून ठेवल्या तर परीक्षेत फायदा होतो. एकाच अर्थाची दोन क्रियापदं, एक एकटं आणि एक जोडीदार घेऊन चालणारं: ‘रीच’ आणि ‘अराइव्ह ॲट’, ‘अवेट’ आणि ‘वेट फॉर’, ‘सीक’ आणि ‘लुक फॉर’, ‘अपोज’ आणि ‘ऑब्जेक्ट टु’, ‘रिक्वेस्ट’ आणि ‘आस्क फॉर’, ‘डिस्कस’ आणि ‘टॉक अबाउट’. परीक्षेत एकाचं शेपूट दुसऱ्याला लावलेलं असतं, तेच शोधायचं. ‘अराइव्ह’बद्दल एवढंच: स्टेशन, विमानतळ, दुकान यांना ‘ॲट’, शहर आणि देशाला ‘इन’, ‘टु’ कधीच नाही, आणि घरी पोहोचलात तर नुसतं ‘अराइव्ह होम’.

प्रश्न : आम्हाला शाळेत शिकवलं होतं की वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊच नये. नातू ‘द पर्सन आय स्पोक टु’ लिहितो. त्याला टोकू का? (निवृत्त वाचक, रामबाग)

उत्तर : आजोबा, टोकू नका. या आक्षेपाचा उगम इंग्रज कवी ड्रायडनने 1672 साली नाटककार बेन जॉन्सनच्या ओळींवर घेतलेल्या हरकतीत सांगतात, आणि पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी तो पसरवला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो कधीच पाळला नाही. ‘द पर्सन टु हूम आय स्पोक’ अर्जात शोभतं, पण ते सक्तीचं नाही. उलट ‘द फाइल आय वॉज लुकिंग’ असं अर्धवट लिहिलं असेल तर जरूर टोका. तिथे ‘फॉर’ हवंच.

प्रश्न : शब्दकोशात पाहा, असं सगळे सांगतात. कोशात नेमकं काय पाहायचं?

उत्तर : आधी कोश कोणता ते महत्त्वाचं. इंग्रजी-मराठी कोशात अर्थ मिळतो, पण पुढचं प्रिपोझिशन बहुधा मिळत नाही. लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश घ्या, फोनवर फुकट मिळतात. क्रियापदाजवळ ‘टी’ ही खूण असेल तर कर्म थेट, ‘आय’ असेल तर थेट नाही. काही कोशांत ‘ट्रान्झिटिव्ह’, ‘इनट्रान्झिटिव्ह’ असा पूर्ण शब्द छापलेला असतो. मग ठळक अक्षरांतला साचा पाहा: ‘अपोलोजाइज टु समबडी फॉर समथिंग’ असा. ‘समबडी’च्या जागी माणूस आणि ‘समथिंग’च्या जागी गोष्ट घातली की वाक्य तयार. शेवटी निदान दोन उदाहरणवाक्यं वाचा. अर्थ क्रमांक 1 वर थांबू नका, कारण अर्थ बदलला की साचाही बदलतो: ‘ॲग्री विथ’ माणसाशी, ‘ॲग्री टु’ प्रस्तावाला, ‘ॲग्री ऑन’ तारखेबद्दल.

इंटरनेटवर किती पानं सापडली यावरून निकाल लावू नका. ‘डिस्कस अबाउट’ची पानंही ढिगाने सापडतात.

थोडक्यात

‘एक्स्प्लेन मी’ चालेल का? नाही. ‘एक्स्प्लेन इट टु मी’. ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘इंट्रोड्यूस’, ‘से’ यांनाही माणसाआधी ‘टु’ लागतं. ‘टेल’, ‘शो’, ‘टीच’ यांना लागत नाही.

‘शाउट ॲट’ की ‘शाउट टु’? ‘ॲट’मध्ये राग आहे, ‘टु’मध्ये फक्त ऐकू जावं एवढाच हेतू. ‘थ्रो’चंही तसंच: दगड ‘ॲट’, चेंडू ‘टु’. पण ‘स्माइल ॲट’मध्ये कुचेष्टा नाही, ‘लाफ ॲट’मध्ये आहे.

‘डाय ऑव्ह’ की ‘डाय फ्रॉम’? आजार आणि भूक यांना ‘ऑव्ह’, जखमांना ‘फ्रॉम’. आजारालाही ‘फ्रॉम’ आता बरंच दिसतं, त्यावर वाद घालू नका. परीक्षेत ‘ऑव्ह’ लिहा.

‘प्राउड’ला ‘ऑव्ह’, मग ‘प्राइड’ला काय? ‘टेक प्राइड इन’. आणि ‘प्राइड’ क्रियापद म्हणून आलं तर ‘शी प्राइड्स हरसेल्फ ऑन हर कुकिंग’. तिन्ही वहीत तीन वेगळ्या वाक्यांत लिहून ठेवा.